बिरड्याची खोली

कुंदा गेली हे कळलं तेव्हा मी रोह्याच्या बाजारात शिंप्याशी भांडत होते. त्यानं ब्लाऊजच्या बाह्या कोपरापर्यंत आणून ठेवल्या होत्या आणि वर "आता हीच फॅशन हाय, बाई" म्हणून मलाच समजावत होता. तेवढ्यात फोन वाजला. डॉ. मीनाक्षी येमूलचा, म्हणजे आमच्या पेणच्या कॉलेजात आता मानसशास्त्र विभाग सांभाळते तिचा. ती सकाळच्या वेळी कधी फोन करत नाही. "नलिनीताई, बाई गेल्या..." एवढंच म्हणाली. मी शिंप्याला म्हटलं, असू देत बाह्या. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आतलं स्टूल पुढे सरकवलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला वाटत राहिलं, की हे कुंदाला कळलं असतं तर ती पोट धरधरून हसली असती. "काय गो नले, मी मेले तवा पन तू भांडतच व्हतीस?" असं नक्की म्हणाली असती.

प्रा. कुंदा म्हात्रे. मी इतिहास शिकवायची आणि ती मानसशास्त्र. ती कासूच्या पुढे खाडीच्या बाजूला जे खारेपाटातलं गाव आहे तिथली. वडील मिठागरावर राबलेले, घरची थोडी भातशेती. मी रोह्याच्या मास्तरांच्या घरातली, जिथं जेवतानासुद्धा मुलांचं बोलणं दुरुस्त केलं जायचं. वर्गात कुंदा अगदी पुस्तकातली मराठी बोलायची आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की घरची. मी कॉलेजात नवीन आले तेव्हा पहिल्याच दुपारी तिनं न विचारता माझ्या डब्यात डोकावून बघितलं. "बिरड्यात नारलाचा दूध? आजारी मानसाचा जेवन हाय का काय?" मी चिडले. तिच्या डब्यातही वालाचं बिरडंच होतं, पण सुकट घातलेलं, डोळ्यांत पाणी आणील असं तिखट. मी तिला म्हटलं, हे बिरडं नाही, शिक्षा आहे. तिनं हसत एक चमचा माझ्या डब्याच्या झाकणावर वाढला आणि आमची मैत्री झाली. ते भांडण मात्र आम्ही शेवटपर्यंत मिटू दिलं नाही.

कुंदाबद्दल सांगायचं तर प्राध्यापकाच्या त्या एका जागेबद्दल सांगावं लागेल, कारण नोकरीची शेवटची काही वर्षं ती त्या जागेसाठीच जगली. आमचं कॉलेज सरकारी अनुदानावर चालणारं. मानसशास्त्रात बी.ए.पर्यंत शिकवलं जायचं. कुंदाच्या मनात होतं की इथं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.ए. सुरू व्हावं, म्हणजे ज्यांचं मन आजारी पडलंय त्यांना बरं करण्याचं शिक्षण, आणि त्याला जोडून गावातल्या माणसांसाठी एक खोली असावी, जिथं कोणीही येऊन बसेल. वरून परवानगी मिळाली, पण अट घालून. त्या विषयाचा पूर्णवेळ प्राध्यापक नेमा, नाहीतर अभ्यासक्रम दुसऱ्या कॉलेजला जाईल. जाहिराती निघाल्या. पहिल्या वेळी कोणी आलंच नाही. दुसऱ्या वेळी एक गृहस्थ आले, रुजू झाले आणि दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. कुंदाच्या निवृत्तीचं वर्ष तोंडावर आलं होतं. ती गेली की या सगळ्याचा पाठपुरावा करणारं मागे कोणी उरलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

मग शेवटच्या जाहिरातीला एकच अर्ज आला, मीनाक्षीचा. सोलापूरची, विणकरांच्या वस्तीत वाढलेली, शिक्षणात पहिल्यापासून पुढे. निवड समितीनं अर्ध्या तासात तिला पसंत केलं. पण खरी मुलाखत तिची नव्हतीच, आमची होती! नवी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला जागा मिळत होती आणि पेणला यायचं की नाही ते ती ठरवणार होती. हे आमच्या प्राचार्य सावंत सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी असा काही पाहुणचार सुरू केला की विहिणीचा होणार नाही. तिला गणपतीच्या कारखान्यात फिरवून आणलं. पोह्यांच्या पापडांची पुडकी तिच्या दोन्ही हातांत दिली. भाड्यानं जागा दाखवायला ऑफिसातले गायकर स्वतः स्कूटरवर पुढे आणि ती रिक्षात मागे. आणि जो तो तिला गाव कसं चांगलं आहे ते पटवून देत होता. सावंत सर म्हणाले, "मॅडम, इथली माणसं फार साधी. ते टेन्शन, डिप्रेशन वगैरे प्रकार आमच्याकडे नाहीत बघा." घरमालक म्हणाले, आमच्या आळीत कोणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. गायकरांनी तर कहर केला. "डोक्याची दुखनी सगली मुंबैला, म्याडम. हिकडं कोन येडा नाय. तुमी निवांत ऱ्हावा."

संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये चहा पिताना मीनाक्षीनं शांतपणे विचारलं, "सर, मग मला इथं काम काय असेल?" सरांना वाटलं, विनोद केला. ते मोकळेपणानं हसले. ती हसली नाही. गेटपर्यंत सोडायला आम्ही दोघी गेलो तेव्हा तिनं कुंदाला सरळ सांगितलं, "बाई, राग मानू नका. जिथं कोणाला काही होतच नाही असं गावच म्हणतं, तिथं माझ्या दारात कोण येणार? आणि कोणी आलंच नाही तर मुलांना मी शिकवू कशावरून? फळ्यावर चित्र काढून माणसाचं दुःख शिकवता येत नाही." दोन दिवसांत नकार कळवते म्हणाली आणि लॉजकडे वळली.

कुंदा तिथून तडक केबिनमध्ये गेली. तिचा असा अवतार मी त्याआधी पाहिला नव्हता. "सर, डॉक्टर शोधायला निघालात आणि सापडल्यावर तिला सांगितलंत की गावात आजारी कोणी नाही! लग्न जमवायला जायचं आणि मुलीला सांगायचं की आमच्या मुलाला बायकोची गरजच नाही, अशातली गत केलीत!" सरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते तरी काय खोटं बोलले होते? आमच्याकडे ही दुखणी दार लावून सोसायची रीतच आहे. सून चार महिने माहेरी असली तर "माहेरची ओढ", माणूस अंथरुणाला खिळला तर "पोटाचा त्रास". भगताकडे न्यायचं ते गुपचूप, मुंबईच्या डॉक्टरकडे न्यायचं तेही गुपचूप. पाहुण्यापुढे गावाची अब्रू राखायची म्हणून सगळे जे नेहमी बोलतात तेच बोलले, फक्त या वेळी ते नेमक्या चुकीच्या माणसापुढे बोलले गेले.

त्या रात्री कुंदाचा फोन आला. आवाज अगदी निवळलेला. "नले, परवा घरी ये. त्या पोरीला पन आनतेय. वाल भिजत घातलेत." मी म्हटलं, आता जेवण घालून काय होणार गो? पापड देऊन काही झालं नाही. तर म्हणाली, "तू ये फक्त."

कासू स्टेशनवर आम्ही तिघी उतरलो आणि रिक्षानं खाडीकडे निघालो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, लांबवर पांढरी मिठागरं. वाटेत मीनाक्षी मला सभ्यपणानं पीकपाणी विचारत होती. घराच्या ओटीवर शेजारच्या दोन बायका बसलेल्या होत्या. कुंदानं आम्हाला ओटीवर बसवलं नाही, थेट मागच्या पडवीत नेलं. तिथं भिंतीकडे तोंड करून एक माणूस बसला होता, दाढी वाढलेला, गुडघ्यांवर हात ठेवून. कुंदाचा धाकटा भाऊ अनंता. स्टाफरूममध्ये त्याच्याबद्दल विचारलं की ती इतकी वर्षं सांगायची, "भाऊ शेती बघतो." मलाही तेवढंच माहीत होतं.

कुंदा मुद्दामच मोठ्यानं बोलली, ओटीवरच्या बायकांना ऐकू जाईल असं. "मीनाक्षी, हा माझा भाऊ. खाडीचा बांध फुटून खारं पाणी शेतात आलं, तेव्हापासून हा घराबाहेर पडला नाही. कोणाशी बोलत नाही. गावात आम्ही सांगतो तब्येत बरी नाही, कॉलेजात मी सांगते शेती बघतो. भगत झाले, मुंबईचे डॉक्टर झाले. डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, काय वाटतं तुम्हाला? हा टेबलाकडे बघत राहिला. मी रोज समोर बसून विचारते, हा भिंतीकडे बघतो. आता तूच सांग, तुला इथं काम आहे की नाही?" ओटीवरचं बोलणं थांबलं होतं.  इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट कुंदानं एका श्वासात उघड्यावर मांडली होती, आणि तीही एका परक्या मुलीपुढे. मला तेव्हा तिच्याबद्दल जो अभिमान वाटला तो शब्दांत सांगता येणार नाही.

 कुंदानं मोड आलेल्या वालांची मोठी पितळी परात आणून मध्ये ठेवली. वाल कोमट पाण्यात तरंगत होते. बिरडं करायचं म्हणजे एकेक वाल चिमटीत दाबून सालातून अख्खी डाळ सोडवायची, आणि हे काम एकटीनं करायचं नसतं. मीनाक्षी खाली बसली, अनंताच्या समोर नाही, त्याच्या शेजारी, त्याच भिंतीकडे तोंड करून. तिनं आयुष्यात वाल सोलले नव्हते. पहिलाच वाल दाबला तर डाळ उडून अनंताच्या मांडीवर पडली. त्यानं ती उचलून भांड्यात टाकली. दुसरीही तशीच उडाली. मग त्यानं परातीत हात घातला आणि एक वाल सावकाश सोलून तिला दाखवला. कुंदा हळूच उठून चुलीपाशी गेली.

मीनाक्षी सोलत राहिली आणि मधेच आपल्या आईबद्दल सांगू लागली. आई विड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन गल्लीतल्या बायका ओळीनं बसायच्या, पानं कापायच्या, तंबाखू भरायच्या, आणि हात चालू असताना घरातलं काय काय बोलून जायच्या. कोणी मान वर करून बघितलं की गप्प व्हायच्या. "मी तिथंच बसून अभ्यास करायची," ती वालांकडे बघत म्हणाली, "मान खाली घालून." एवढं बोलून तिनं पुढचा वाल उचलला. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. आणि मग अनंता बोलला.

"उघाडीचा दार मी लावला नव्हता."

कुंदा चुलीपाशी होती. तिच्या हातातला डाव तिथंच थांबला. खाडीच्या बांधाला पाणी सोडायची, दार असलेली एक जागा असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीच्या आत दार लावायचं. गावात त्याची पाळी असते. मीनाक्षीनं मान वर केली नाही. "कुठं असते ती?" एवढंच विचारलं. आणि अनंतानं सांगितलं. त्या दिवशी पाळी त्याची होती, तो पाहुण्यांत अडकला, दार लावायचं राहिलं आणि रात्री बांध फुटला. सगळ्या गावाची शेती खारी झाली ती आपल्यामुळे, हे त्यानं इतकी वर्षं एकट्यानं पोटात ठेवलं होतं. मीनाक्षीनं त्याला तुझी काही चूक नाही वगैरे सांगितलं नाही. ती म्हणाली, "हा एक वाल काही केल्या सुटत नाही हो, दादा." त्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि सोलून दिला.

कुंदानं मला दाराआड ओढलं. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुखत होतं. "नले, अगो मी ह्याच विषयाची बाई... जल्मभर शिकवला. आनि मना ठाव नाय!" रडत होती आणि रडता रडता हसत होती. मीही रडले. त्या दिवशी अनंता आमच्याबरोबर पंगतीला बसला. बिरडं नेहमीसारखंच जाळ तिखट होतं आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

परतताना कासूच्या फलाटावर मीनाक्षी म्हणाली, "बाई, खोली कशीही चालेल. फक्त त्यात टेबल नको." कुंदाला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, ही येतेय! तिनं त्या मुलीला अशी काही मिठी मारली की तिची पर्स खाली पडली आणि तिकीट खिडकीतला माणूस बाहेर डोकावून बघू लागला. "जितलो गो नले, जितलो!" निवृत्तीला टेकलेली विभागप्रमुख भर फलाटावर नाचत होती. मी तिला आवर म्हटलं, पण मनातून मलाही नाचावंसं वाटत होतं.

मग खोली झाली. टेबल कॅन्टीनला गेलं. सतरंजी आली आणि मध्ये कुंदाच्या आईची ती पितळी परात. वाल पेण तालुक्यातल्या गागोद्याकडचेच हवेत हा कुंदाचा हट्ट, तिकडचे विद्यार्थी आणून द्यायचे. तपासणीला आलेल्या समितीतल्या एका साहेबांनी परातीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? कुंदा ताठ उभी राहून म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेचं उपकरण, सर." सावंत सरांना एकदम खोकल्याची उबळ आली. मग तिनं साहेबांना खाली बसवलं, वाल सोलायला लावले, आणि थोड्या वेळानं साहेब आपल्या मुलाबद्दल बोलत होते. अभ्यासक्रमाला मंजुरी मिळाली.

सुरुवातीला कोणी फिरकलं नाही. मग कॅन्टीनमधल्या बायका आल्या. मग रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा एक जण आला, दारातच उभा राहून म्हणाला, "बायकोनं वाल सोलायला पाठवलाय." शिफ्ट बदलली की त्याला झोप यायची नाही आणि घरात सगळ्यांवर हात उगारायचा. डोक्याच्या डॉक्टरकडे चाललो असं सांगायची लाज, पण होस्टेलच्या मुलींसाठी वाल सोलायला चाललो हे गावात कोणालाही सांगता येतं. सोललेले वाल खरोखरच होस्टेलच्या जेवणात जायचे. पुढे पुढे माणसं इतकी वाढली की होस्टेलच्या मुलींनी प्राचार्यांपुढे मोर्चा नेला, सारखं सारखं बिरडं नको म्हणून. कुंदाला आयुष्यात कुठल्याही सत्कारानं झाला नसेल एवढा आनंद त्या मोर्चानं झाला. आता एम.ए. होऊन बाहेर पडलेली मुलं रोह्यात, पेणमध्ये, गागोद्याच्या बाजूला अशीच सतरंजी टाकून बसतात.

आणि अनंता... एका सकाळी तो स्वतः गाडीत बसून पेणला आला, एकटा. कुंदाला घरून फोन आला होता. ती स्टेशनवर धावत गेली आणि खांबाआड लपून राहिली, त्यानं आपल्याला बघू नये म्हणून. तो उतरला, थोडा वेळ उभा राहिला, मग वाट विचारत कॉलेजकडे चालू लागला. ही मागून लांबून चालत होती, पदरानं डोळे पुसत. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच ते पाहिलंय असं वाटतं. बांध फुटला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, उघाडीपासून कितीतरी लांब, हे त्याला गावातल्या कोणीही सांगितलं असतं. पण त्यानं ते कोणाला तरी विचारावं, यासाठीच कितीतरी परातींचं काम लागलं. त्यानंतर खोलीतले वाल भिजवायचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं.

निवृत्तीनंतरही कुंदा रोज यायची. तिचा एक नियम होता. परात कधी पूर्ण रिकामी करायची नाही. मूठभर वाल न सोलता पाण्यात ठेवायचेच. "परात रिकामी दिसली तर दारात आलेला मानूस काय म्हनून आत येल?" हृदयाचं दुखणं सुरू झालं तेव्हाही ती भिंतीला टेकून बसायची आणि सोलायची. आमची शेवटची भेट त्याच खोलीत झाली. मी निघताना तिनं मागून हाक मारली, "नले, एकदा तुजा तो आजाऱ्याचा बिरडा आन. आता मना तोच चालंल." मी आणते म्हणाले. पुढच्या आठवड्यात आणणार होते...

ती गेल्यानंतर काही दिवसांनी मी नारळाच्या दुधातलं बिरडं डब्यात घालून कॉलेजात गेले. ते कशासाठी नेलं, मला सांगता येणार नाही. खोलीत मीनाक्षी होती, दोन अनोळखी बायका होत्या आणि अनंतादादा. मी बसले. आम्ही सोलत राहिलो. मी त्याला विचारलं की कुंदावर लिहायचंय, पण तुझ्याबद्दल लिहिल्याशिवाय लिहिता येत नाही, तर काय करू? त्यानं हातातला वाल सोलून भांड्यात टाकला. "लिव्ह की. नाव पन लिव्ह. माजा बी आनि उघाडीचा बी." मग तो डबा उघडून दोन घास जेवला आणि म्हणाला, "ताई बोलायची तसा नाय हाय. बरा हाय." इतक्या वर्षांच्या भांडणात मी जिंकले आणि ते ऐकायला ती नव्हती.

बायका उठून गेल्या. परातीच्या तळाशी थोडे वाल उरले होते. बोलता बोलता माझा हात त्यांच्याकडे गेला, तसा अनंतादादानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला. "कोन तरी येल."